धाकली

"आई, डब्याचं टोपण निघंना झालंय. धाकली कुठं हाय?"

वर्षाराणीनं स्वयंपाकघरातून विचारलं आणि बाहेर चहा पिणारे पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. बिद्रीची माणसं मुलगी बघायला आली होती. मुलाचे मामा हंबीरराव पोलिसात हवालदार होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"एकच लेक हाय म्हणून सांगितलंतं की. ही धाकली कोण?"

झुंबरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. धाकली म्हणजे हातभर लांबीची कटावणी. तिचा नवरा गुंडू घरं फोडायचा, तेव्हाचा हा शब्द. पहार ती थोरली, कटावणी ती धाकली. नावं त्याच्या उस्तादानं पाडलेली. हॉटेलात बसून 'आज थोरली नको, धाकलीला घेऊन ये' म्हटलं, तरी शेजारच्याला वाटायचं, लेकीबाळींचा बाप बोलतोय. गुंडू दोनदा आत जाऊन आला. 'आप्पा इचलकरंजीला मागावर कापड विणायला गेलेत' असं लेकीला सांगून झुंबरबाईनं ते दिवस काढले. पुढं त्यानं धंदा सोडला, शब्द मात्र घरात राहिला. तो वारला तरी धाकलीनं नारळ सोलणं आणि डबे उघडणं चालूच होतं. वर्षाराणीला त्या लोखंडाचं दुसरं नावच ठाऊक नव्हतं.

खरं सांगावं, तर असले शब्द कोळून प्यालेला हवालदार समोर बसलेला. गप्प राहावं, तर दुसरी लेक लपवली म्हणून पाहुणे उठणार. झुंबरबाई घाबरली आणि तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"हुती एक. पाळण्यातच गेली. हिच्या आप्पांनी घरातल्या एका वस्तूला तिचं नाव ठेवलंय. पोरगी तीच मागतीया."

मुलाच्या आईचे, तानाबाईंचे डोळे भरून आले. हंबीररावांनी मान खाली घातली. पुढची बोलणी सरळ झाली. निघताना तानाबाईंनी वर्षाराणीची ओटी भरली आणि वर आणखी एक खण ठेवला, धाकलीच्या नावाचा.

पाहुणे गेल्यावर झुंबरबाई आत आली. वर्षाराणी कटावणी मांडीवर घेऊन बसली होती.

"आप्पा हिला रोज तेल लावून पुसायचे, ते म्हणून व्हय? मला भन हुती, आणि तू कधी बोलली न्हाईस."

आत्ताच सांगून टाकावं, असं झुंबरबाईच्या मनात आलं. पण सांगायचं म्हणजे लेकीचा बाप तिच्यापासून काढून घ्यायचा. ती म्हणाली, "तुला सोसलं नसतं."

वर्षाराणीनं तो नवा खण उलगडला आणि कटावणी त्यात गुंडाळली. "मी हिला सासरी न्हेणार. त्या हवालदार मामांना दावते, आप्पांचा किती जीव हुता ते."

झुंबरबाईनं घाईनं हात पुढं केला. पण पोरगी ते गाठोडं छातीशी धरून इतकी रडत होती, की तिच्याकडून ते काढून घेणं आईला जमलं नाही.