प्रयोगशाळेची वेळ

रुग्णालयातल्या अकरा कॉम्प्युटरांवर एजंट बसवायचं काम कुणाकडेही गेलं असतं, पण ते नेमकं धाकटीकडे आलं. धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिच्या थोरल्या नणंदबाई बावीस वर्षं रक्त तपासत होत्या, आणि शुक्रवारी त्यांची चौकशी होती. "माझी सख्खी नणंद आहे तिथं," असं धाकटीनं कंपनीतल्या आपल्या साहेबांना आधीच सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "एजंट बसवायचाय. साक्ष द्यायची नाहीये." झालं, विषय संपला.

हा एजंट म्हणजे एक एवढासा प्रोग्राम. कॉम्प्युटरवर कोण बसलं, काय उघडलं, काय बदललं याची नोंद कॉम्प्युटर स्वतःच ठेवत असतो. एजंट ती उचलतो, कुलूपबंद करतो आणि मुख्य कॉम्प्युटरकडे पाठवतो. तिथं ती पुसता येत नाही, अगदी धाकटीलासुद्धा. एवढं साधं काम, पण लोकांना ते पटवून देताना तिच्या नाकीनऊ येत. स्वागतकक्षातल्या बाईंनी "एजंट बसवायला आलेय" एवढं ऐकलं आणि हात जोडले, "आमचे सगळे विमे काढून झालेत हो!" औषधांच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी उलट बाजू धरली. हा हेर आपला जेवणाचा डबा कधी उघडतो तेही वर कळवणार, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

दुपारपर्यंत दहा कॉम्प्युटर झाले. राहिला तो प्रयोगशाळेतला. तिकडे जाताना चौकशी करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी तिला जिन्यातच गाठलं.

"त्या कॉम्प्युटरवर एजंट तेवढा बसवा. बाकी काही हलवू नका. चौकशीतली वस्तू आहे ती."

"हो सर," धाकटी म्हणाली.

प्रकरण असं होतं. तीन आठवड्यांपूर्वी एका बेशुद्ध पेशंटचं रक्त साखरेसाठी घाईनं तपासायला आलं. स्वागतकक्षाच्या नोंदीप्रमाणे नमुना अकरा वाजून वीस मिनिटांनी आला. प्रयोगशाळेच्या नोंदीप्रमाणे त्याचा रिपोर्ट लिहिला गेला अकरा वाजून आठ मिनिटांनी. म्हणजे रक्त यायच्या आधी बारा मिनिटं! याचा अर्थ एकच निघत होता: बाईंनी न तपासताच आकडा ठोकून दिला. आकडा पुढं बरोबर ठरला, पेशंट चालत घरी गेला, पण म्हणून काय झालं? ज्या बाईनं एकदा अंदाजानं लिहिलं, तिनं बावीस वर्षांत आणखी किती वेळा लिहिलं असेल, असं सगळे उघड विचारू लागले.

प्रयोगशाळेत जंतूंच्या भीतीनं फोन न्यायला बंदी होती. धाकटीनं फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवला, कोट चढवला आणि लॅपटॉप पुसून आत नेला. वन्सं पाठमोऱ्या उभ्या होत्या. नळ्या एका रांगेत, चिठ्ठ्या एका रांगेत, पेनांची टोपणंसुद्धा एकाच दिशेला. खोलीत त्या एकट्याच काम करत आणि तिथं त्यांचंच राज्य होतं.

"आलीस?" वन्सं न वळताच म्हणाल्या. "ये. बसव काय बसवायचंय ते. पुरावे गोळा करायला घरातलंच माणूस मिळालं त्यांना, बरं झालं."

"वन्सं, पुरावेबिरावे काही नाही हो. सगळ्याच कॉम्प्युटरांवर बसवतेय."

"हो, मी कुठं काय म्हणतेय?"

धाकटी कॉम्प्युटरसमोर बसली. लॅपटॉपवर तिनं या कॉम्प्युटरसाठी ताजं प्रमाणपत्र तयार केलं. प्रमाणपत्र हे एजंटचं ओळखपत्र असतं. ते दाखवल्याशिवाय मुख्य कॉम्प्युटर त्याला दारात उभं करत नाही. सकाळपासून दहा वेळा बिनबोभाट झालेलं काम इथं अडलं. पडद्यावर उत्तर आलं: हे प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.

असं उत्तर आलं की काय बघायचं, हे या धंद्यातल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. कॉम्प्युटरचं घड्याळ मागं आहे. आत्ता तयार केलेलं ओळखपत्र त्याच्या हिशेबानं अजून जन्मालाच आलेलं नाही. धाकटीनं पाहिलं तर खरंच, घड्याळ चोवीस मिनिटं मागं होतं. तिचा हात सवयीनं चालला. घड्याळ लॅपटॉपशी जुळवलं, पुन्हा बटण दाबलं, एजंट गुमान जोडला गेला आणि तिनं कागदावर अकरावी खूण केली.

आणि मग तिच्या लक्षात आलं.

चोवीस मिनिटं मागं! हे घड्याळ मागं होतं म्हणूनच तर रिपोर्ट आधी आणि रक्त नंतर असं दिसत होतं. वन्संना वाचवणारी एकुलती एक गोष्ट या खोलीत होती, आणि ती तिनं स्वतःच्या हातानं आत्ताच नीटनेटकी पुसून टाकली होती. काही हलवू नका म्हणून बजावलेलं असताना! आता ती कितीही घसा फोडून सांगू दे, घड्याळ मागं होतं म्हणून. नणंदेसाठी भावजय खोटं बोलतेय, असंच म्हणतील सगळे, आणि त्यांच्या जागी ती असती तर तीही तेच म्हणाली असती.

"वन्सं," ती त्यांच्याकडे वळली. "या कॉम्प्युटरचं घड्याळ कोण लावतं?"

"मीच. रोज." वन्संना या प्रश्नाचं नवल वाटलं. "त्याच्या आतला सेल गेलाय. सकाळी चालू केला की पंधरा वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. दुरुस्तीवाला म्हणाला होता, रोज लावून घेत जा. मी एक दिवस चुकवलेला नाही."

"कशावरून लावता?"

वन्संनी भिंतीकडे बोट केलं. उंच फ्रीजच्या वर, हात पोचणार नाही अशा जागी एक गोल घड्याळ होतं. या खोलीला वेळ सांगणारं तेवढंच, आणि तेही चोवीस मिनिटं मागं.

कामचुकार बाई असती तर यातलं काहीच घडलं नसतं. तिनं कॉम्प्युटर पंधरा वर्षं मागंच ठेवला असता आणि नोंद पाहताच सगळ्यांना कळलं असतं की याची तारीखवेळ धरायची नाही. वन्संनी रोज नेमानं, न चुकता, कुणाला शंका येणार नाही अशी चूक वेळ लावली होती.

धाकटी पुन्हा लॅपटॉपकडे वळली. एजंटनं कामाला सुरुवात केली होती. तो नव्या नोंदींबरोबर साठलेल्या जुन्या नोंदीही उचलतो आणि अकराही कॉम्प्युटरांच्या नोंदी एका पडद्यावर आणतो. तिनं तीन आठवड्यांपूर्वीचा तो दिवस उघडला. स्वागतकक्षातून नमुन्याची चिठ्ठी कॉम्प्युटरवरून प्रयोगशाळेला धाडली: अकरा वीस. त्याच चिठ्ठीवर प्रयोगशाळेची नोंद, चिठ्ठी मिळाली: दहा सत्तावन्न.

तिनं ते तीनदा वाचलं. धाडायच्या तेवीस मिनिटं आधी मिळणारी चिठ्ठी जगात कुठं असते? या दोन नोंदी तीन आठवडे दोन खोल्यांत पडून होत्या आणि कुणीच त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. चिठ्ठी दहा सत्तावन्नला, रिपोर्ट अकरा आठला. अकरा मिनिटं. त्या तपासणीला दहा लागतात.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिनं वन्संना खुर्चीवर बसवलं आणि एकेक ओळ दाखवली. वन्संनी चष्मा पुसून सगळं वाचलं. रोज सकाळची घड्याळ बदलल्याची नोंद, पुढं वन्संचं नाव. सगळ्यात खाली आजची, पुढं धाकटीचं.

"हे पुसता येतं का?" वन्संनी विचारलं.

"नाही. आता माझ्याही हातात नाही. तुम्ही चुकीची वेळ लावत होता हे पण त्यांना दिसणार, आणि सांगितलेलं असताना मी हात लावला, हे पण."

"दिसू दे. माझं मी सांगेन. तुझं तू सांग."

दोघी लॅपटॉप घेऊन तशाच मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी दोन्ही ओळींवर बोट ठेवून पाहिलं, स्वागतकक्षातून कागद मागवून पडताळला आणि फाईल मिटली. घड्याळाबद्दल वन्संना आणि हात लावल्याबद्दल धाकटीला लेखी समज मिळेल, असं त्यांनी सांगितलं. "शुक्रवारी यायची गरज नाही, बाई," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही रक्त तपासलं होतं."

परत येताना वन्सं जिन्याच्या वळणावर थांबल्या. कठड्याला धरून त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"खरं सांग. तुला काय वाटलं होतं?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. त्या घडीला ते कुणाला खुपलंही नसतं. "मला वाटलं होतं, वन्सं," ती म्हणाली, "की लिहिला असेल तुम्ही आकडा. घाईत. एखाद्या वेळी." आणि शरमेनं तिनं मान खाली घातली.

वन्सं रागावल्या नाहीत. त्या तिथंच पायरीवर बसल्या, कोट न सावरता.

"तीन आठवडे जो तो तेच म्हणत होता गं," त्या म्हणाल्या. "कागदही तेच म्हणत होता. गेल्या आठवड्यापासून मलाही वाटायला लागलं होतं की लिहिला असेल मी."