आरपार बादली

सरकारी कचेरीच्या कँटीनमध्ये काकूंचा हात सढळ, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! ताट पुढे आलं की भाताचा डोंगर, त्यावरून भाजीचा ओढा. 'किती वाढू' हे त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. त्यातलं किती पोटात जातं हे पाहायला सवडही नव्हती. उष्ट्याची काळी बादली झाकण लावून मोरीमागे बसलेली असे, आणि पोटातलं ओठावर येऊ देत नसे.

मग सरकारने अन्नाची नासाडी थांबवायचं मनावर घेतलं. अन्नबचत खात्याचा तरुण साहेब आला. त्याने दारातच आरपार दिसणारी बादली ठेवली, खाली वजनकाटा. टाका, पण सगळ्यांदेखत टाका!

पहिल्याच दुपारी बादली गळ्यापर्यंत भरली. काकू बघतच राहिल्या.

"म्हणजे माझं जेवण कुणाला आवडतच नव्हतं?" त्यांनी गल्ल्यावरच्या नवऱ्याला विचारलं.

"आवडतं गं. पण तू माणसं जेवू घालतेस की गोदामं भरतेस?"

"तुम्ही गप्प बसा. आवडत नसेल तर उद्यापासून डाव तुमच्या हातात!"

साहेब हळूच म्हणाला, "काकू, उद्या एकदाच विचारून वाढा. मग काय ते ठरवा."

"विचारून? आई काय पोराला विचारून वाढते?"

यावर साहेबाने का कोण जाणे, मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी रुसून स्वयंपाक निम्माच केला आणि कडू औषध गिळावं तसं विचारलं, "किती?"

"अर्धा डाव," टायपिस्ट बाई म्हणाल्या.

"भात नावाला," आवक-जावक कारकून म्हणाला.

शिपाई, ज्याला सगळी कचेरी खादाड समजे, तोही म्हणाला, "एवढुसंच."

काकूंचं तोंड उतरत गेलं. संपलं! आपल्या हाताला चव नाही, यावर सरकारी शिक्का बसला. त्या डाव खाली ठेवणार, एवढ्यात कारकून परत आला.

"काकू, थोडी भाजी वाढा ना अजून."

काकूंनी मागे वळून पाहिलं. वाटलं, दुसऱ्याच कुणाला म्हणतोय. इतक्या वर्षांत त्यांनी 'पुरे, पुरे'शिवाय काही ऐकलंच नव्हतं. मागायला जागा ठेवली होती कुणाला? मग टायपिस्ट बाई आल्या. मग शिपाई. तो दोनदा.

"काकू, बुडाची खरवड मला!"

"वा रे वा, मी आधी आलोय!"

"भांडू नका मेल्यांनो," काकू ओरडल्या, पण आवाजात पेढा विरघळला होता.

बादलीत शेवटी एक चघळलेली मिरची तेवढी पडली. काटा हलेना. बिघडला की काय म्हणून साहेबाने त्याला टिचकी मारून पाहिली.

"छान झालं," नवरा लख्ख पातेल्यात डोकावत म्हणाला. "आता आपण दोघांनी काय खायचं?"

काकूंना असं हसू फुटलं की पदर तोंडाला लावावा लागला.

साहेबाने घसा खाकरला आणि पिशवीतून डबा काढला. इतका ठासलेला, की झाकण निघेना. "आई भरते. विचारत नाही. रोज अर्धा उरतो आणि मी तो घरी जाता जाता..." त्याने जीभ चावली. "हातभार लावा काकू. नाहीतर आज दारातल्या बादलीत मलाच टाकावा लागेल, सगळ्यांदेखत."

तिघं जेवायला बसले. काकूंनी घास घेतला, डोळे मिटले. "चव आहे हो माउलीच्या हाताला. पण अर्धाच भर म्हणावं."

"ऐकायची नाही ती."

"इथे घेऊन या. मी समजावते," काकू म्हणाल्या आणि ताट पुढे केलं. "तोवर... थोडं अजून वाढा."