चौथ्या वाफ्यातली फांदी

वकीलबाईंच्या टेबलावर थोरलीने एकेक करून अकरा डायऱ्या मांडल्या. बारावी तिने पिशवीतच राहू दिली आणि पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.

वकीलबाईंनी डायऱ्यांवरची वर्षं बोटाने मोजली. "मधलं एक वर्ष दिसत नाही, काकू. नेमकं तेच. गुलाब सापडला ते."

"त्या वर्षी लिहिलीच नाही."

"तेवढ्याच वर्षी?"

"नर्सरीत कामं थोडी असतात का? राहून गेलं."

वकीलबाई तिच्या मुलीच्या वयाच्या. पण खोटं ऐकायची सवय असलेलं माणूस मान हलवतं तशी त्यांनी मान हलवली. "पुन्हा एकदा सांगते. या गुलाबाबद्दल जे जे कागद असतील, ते दोन्ही बाजूंनी एकमेकांना दाखवायचे, असा कोर्टाचा हुकूम आहे. फायद्याचे, तोट्याचे, सगळे. यादी करायची आणि शपथेवर सही. आम्ही याला डिस्कव्हरी म्हणतो."

"म्हणजे शोधच ना? तो तर आपण लावला म्हणून ती मिरवतेय."

"तो शोध निराळा. तिथे कुणालाच ठाऊक नसलेलं सापडतं. इथे आपल्याला चांगलं ठाऊक असलेलं दुसऱ्यापुढे ठेवायचं असतं."

"बरं," थोरली म्हणाली आणि पिशवी आणखी मागे ढकलली.

मिरवणारी ती म्हणजे थोरलीची धाकटी जाऊ. दोघा भावांनी नर्सरी वाटून घेतली तेव्हा वाफे, विहीर, शेड सगळं एका दुपारी मिटलं. अडलं ते एका गुलाबावर. केशरी पाकळ्यांवर पांढऱ्या रेघा असलेला, कुणी कधी न पाहिलेला. चौथ्या वाफ्यातल्या साध्या केशरी झाडाला तशी एकच फांदी फुटली होती. ती ज्या जावेने आधी ओळखली, तिच्या नावावर वाण नोंदवायचा, असं ठरलं. दोघींनीही अर्ज केला, आणि प्रकरण कोर्टात गेलं.

थोरलीला तो गुलाब हवाच होता. का नसावा? तीस वर्षं तिने रानगुलाबाच्या खुंटावर कलमाचे डोळे भरले. पात्याने साल चिरायची, चांगल्या जातीचा डोळा आत बसवायचा, पट्टी गुंडाळायची. बोटांची पेरं चिरून चिरून जाड झाली. आणि धाकटी? लग्न होऊन आली तेव्हा तिला खुंट कुठला आणि फांदी कुठली हे कळत नव्हतं. थोरलीनेच हाताला धरून शिकवलं. दोन वर्षांत शंभरातले पंच्याण्णव डोळे तिचे जगायला लागले, थोरलीचे ऐंशी. गिऱ्हाईक शेडमध्ये शिरलं, की थोरलीच्या तोंडावर विचारायचं, "त्या नाहीत का? त्यांच्या हाताला गुण आहे हो." थोरली हसून म्हणायची, "बोलावते हं." आणि आत जाऊन उगाच रिकाम्या कुंड्या आपटायची. अगदी नवराही एकदा जेवताना म्हणून गेला, "धाकटीचं लक्ष असतं हं." लक्ष म्हणे! त्या घासाने थोरलीला ठसका लागला होता.

धाकटी वाईट वागली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. पण ती उठता बसता ताई ताई करायची. गुलाबाबरोबर तिचा फोटो वर्तमानपत्रात आला, तेव्हाही पहिला अंक घेऊन ती थोरलीकडेच धावत आली होती. थोरलीने तो अंक भिजलेल्या खोक्याखाली घातला.

"त्यांच्या बाजूचे कागद सकाळीच आलेत," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खुलला. "काकू, तुमचं नशीब जोरावर आहे. हे वाचा."

शाळकरी वहीच्या पानांच्या त्या झेरॉक्स प्रती होत्या. धाकटीचं गोल गोल अक्षर. थोरलीने चष्मा लावला. पहिल्या पानावर होतं, 'ताई म्हणाल्या, पट्टी आवळायची नाही, नुसती धरायची.' दुसऱ्यावर, 'ताई म्हणाल्या, पान उलटून बघितल्याशिवाय झाड बघितलं म्हणू नये.' पानामागून पान तेच. ताई म्हणाल्या, ताई म्हणाल्या. यातलं निम्मं आपण बोललो होतो हेही तिला आठवत नव्हतं.

खूण केलेलं पान आलं.

'आज चौथ्या वाफ्यात रेघांचं फूल दिसलं. ताईंना बोलावलं. त्यांनी पान उलटून पाहिलं, मग म्हणाल्या, रोग आहे, छाटून जाळ. मग लक्षात आलं, ताईंना रोग आणि रंग यातला फरक कळणार नाही असं कसं होईल? परीक्षा बघत होत्या. फांदी त्यांनी आधीच पाहिलेली असणार. नाव मला मिळावं म्हणून मला सापडू दिली. त्यांच्या जागी मी असते तर दिली नसती. माझं मन एवढं मोठं नाही.'

थोरलीने ते पुन्हा वाचलं. मग पुन्हा.

"त्या स्वतःच कबूल करतायत, की फांदी तुम्ही आधी पाहिली," वकीलबाई म्हणाल्या. "आता आपल्याला फारसं काही करायलाच नको."

"हे तिने दिलं? तिच्या वकिलाने अडवलं नाही?"

"अडवता येत नाही. पण देणारे फार थोडे असतात, हे खरं. लोकांच्या वह्या बरोबर वेळेवर हरवतात."

थोरलीची कानशिलं तापली. म्हणजे इथेही! डोळे भरण्यात पुढे, फोटोत पुढे, आणि आता खरेपणातही हीच पुढे. वर आपल्याला मोठ्या मनाची ठरवून, जिंकायला गुलाब हातात देऊन मोकळी.

तिने वाकून पिशवी ओढली आणि बारावी डायरी टेबलावर आपटली.

"यादीत घाला."

वकीलबाईंनी पान शोधलं. थोरलीच्या डायरीत खोटी नोंद कधी नसायची; एक नोंद चुकली, की पुढच्या वर्षी भलतंच रोप भलत्या गिऱ्हाइकाला जातं. त्या दिवशीही ती हाताच्या सवयीने लिहून गेली होती. वकीलबाईंनी ते हळू आवाजात वाचलं.

"'चौथा वाफा. धाकटीने रेघांचं फूल दाखवलं. मला दिसलं नव्हतं. रोग नाही, नवा वाण आहे. तरी मी जाळ म्हणाले. तिने जाळलं नाही.'"

वकीलबाईंनी डायरी मिटून ठेवली.

"काकू, हे कोर्टात गेलं, की गुलाब गेला."

"जाऊ दे."

"हे वाचल्यावर आता मलाही ते बाजूला ठेवता येणार नाही. पण मगाशी तुम्ही लपवलीत, आणि आता जिंकत असताना—"

"जिंकत असताना म्हणूनच," थोरली म्हणाली. "हरेन एक वेळ. तिच्या मेहेरबानीवर जिंकायचं नाही मला."

वकीलबाईंनी यादीत बारावा आकडा घातला आणि कागद तिच्यापुढे फिरवला. थोरलीने पेन उचललं, पण टेकवलं नाही. तिची नजर वहीच्या त्या पानावर होती, शेवटच्या ओळीवर.

"ही डायरी ती वाचेल?"

"वाचणारच. हक्क आहे त्यांचा. आज शुक्रवार, सोमवारी प्रती त्यांच्याकडे जातील."

"सोमवारपर्यंत तिला काही कळणार नाही."

"नाही."

"म्हणजे अजून दोन दिवस आहेत."

"विचार बदलायला?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही. तिच्या वहीतली मोठ्या मनाची ताई म्हणून राहायला," थोरली म्हणाली आणि तिने सही केली.