पेंग्विनबाबा आणि हलणारी दाढ

पेंग्विनबाबांच्या दुकानाबाहेर सकाळपासून रांग होती. प्रत्येकाच्या मांडीवर आपापला आजारी कॉम्प्युटर. कुणाचा चादरीत गुंडाळलेला, कुणाचा कानटोपी घातलेला. एका गृहस्थांनी तर येताना बसमध्ये त्याला मळमळू नये म्हणून खिडकीची जागा दिली होती. आतून "उठला, उठला" असा गलका झाला की सगळ्यांच्या माना उंचावत आणि मेलेलं यंत्र जिवंत झालेलं दिसे. जे उठत नसे त्याच्या मालकाची श्रद्धा कमी पडलेली असे.

दातांच्या डॉक्टरीणबाई या रांगेत तिसऱ्यांदा आल्या होत्या. त्यांचा विश्वास नव्हता, पण सोबत आलेल्या सासूबाईंचा होता, आणि घरात कुणाचं चालतं हे सांगायला नको. दवाखान्याचा कॉम्प्युटर बाबांनी दोनदा उठवला होता आणि परत आणून टेबलाखाली उभा करताच तो दोन्हीदा ढिम्म झाला होता. सगळ्या पेशंटांचे एक्स-रे त्याच्याच पोटात होते, दुसरीकडे कुठेही नव्हते. कुणाची कुठली दाढ काढायची हे त्यांच्याशिवाय कळणार कसं? आणि दाढ ही काही चुकून काढली तर परत बसवायची वस्तू नव्हे.

बाबांच्या गळ्यात हेडफोन आणि कपाळावर पेंग्विनचा स्टिकर. पेंग्विन हे लिनक्सचं चिन्ह. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटातली प्रणाली. तिचे प्रकार इतके की निवडताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. बाबा मात्र रास विचारून निवडत.

"मला आर्च लिनक्स हवंय," पुढचा बँकेतला कारकून म्हणाला.

"लग्न झालंय?"

"हो."

"मग नाही. आर्च संन्याशांसाठी. संसारी माणसाला झेपत नाही. तूळ रास ना? उबुंटू घ्या, आणि अमावस्येला अपडेट करू नका."

मग डॉक्टरीणबाईंचा नंबर आला. बाबांनी यंत्राला दुकानातला पडदा जोडला, ते गादीवर आडवं निजवलं, खाली उशी दिली, धूप फिरवला आणि लिनक्सला हुकूम सोडताना लिहायचा शब्द मंत्रासारखा पुटपुटले, "सुडो सुडो, इडापिडा सोडो." बटण दाबलं. पडदा उजळला. गर्दीने हात जोडले.

"पण परत गेला की याला पुन्हा काहीतरी धरतंय," बाबा गंभीर झाले. "ताई, डिस्कमध्ये जुनी बाधा आहे. आज डिस्क पुसून कोरी करू आणि डेबियन लिनक्स घालू. वृषभेला स्थिर लागतं."

"आणि एक्स-रे?"

"मोह सोडा."

"सोड गं मोह," सासूबाई म्हणाल्या. "बाबा सांगतायत ना."

डॉक्टरीणबाईंनी गादीवर आडव्या यंत्राकडे पाहिलं. बाबांचा हात कीबोर्डकडे निघालाही होता. आडवा असला की चालतो आणि उभा केला की मरतो, हे इतक्या दिवसांत आपल्या डोक्यात कसं आलं नाही? पेशंटने असं काही सांगितलं असतं, तर त्यांनी आधी तोंड उघडायला लावलं असतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. यंत्र बंद करून त्यांनी ते उभं केलं आणि बटण दाबलं. पडदा काळाच. आडवं केलं, लगेच उजळला. पुन्हा उभं, पुन्हा काळा.

"आत्ता मंत्र कुणी म्हटला?" त्यांनी विचारलं. कुणीच म्हटला नव्हता.

त्यांनी वायर काढली, बाजूचं झाकण उघडलं आणि पर्समधून टॉर्च व दात तपासायचा छोटा आरसा काढून आत घातला. मेमरीची पट्टी एका टोकाला वर आली होती, तिचा चिमटा उघडा होता.

"दाढ हलतेय. आडवं केलं की खाचेत टेकते, उभं केलं की सुटते." त्यांनी अंगठ्याने दाबलं. टक्. मग झाकण लावून, वायर जोडून यंत्र उभं केलं. ते उभ्यानेच सुरू झालं.

"माझ्याच आशीर्वादाने," बाबा म्हणाले.

"असेल. पण तो पट्टीपर्यंत पोचायला अंगठा लागला."

आता बाकीचेही आपापली झाकणं उघडू लागले. खिडकीवाल्या गृहस्थांच्या यंत्रातून उशी भरेल एवढी धूळ निघाली. घरी ते तापून बंद पडायचं, रांगेत गार होऊन सुरू व्हायचं.

"अगं, मग आपण टेबलाखाली आडवाच ठेवला असता की," सासूबाई म्हणाल्या.

"मग माझं लिनक्स?" कारकुनाने विचारलं.

"मशीन किती जुनं आहे, रोज काम काय करता आणि अडलं तर विचारायला जवळ कोण आहे, ते बघा. यात रास कुठे येते? पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघा, डिस्कला हात लावावा लागत नाही. आणि काहीही पुसण्याआधी दुसरीकडे प्रत काढा. मी तर आज दवाखान्यात गेल्यावर पहिलं तेच करणार आहे."

रांग पांगली. बाबा गाल धरून घुटमळत होते.

"ताई, माझी इथली एक खूप ठणकते हो. काढावी लागेल का?"

"मोह सोडा," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "उद्या दवाखान्यात या, बाबा. आधी उघडून बघू, मग ठरवू. बघितल्याशिवाय मी कुणाचं काही काढत नाही. तुम्हीही बघितल्याशिवाय कुणाचं काही पुसू नका."