टाकीसकट प्रदक्षिणा

सकाळी अंघोळ झाल्यापासून मारुतीची प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत मी बोलत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी हे व्रत माझ्या ओटीत घातलं आणि ते मला मानवलं. घरचे सरावले. लेकरं सकाळी माझ्याशी खुणांनीच भांडतात.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या गावचं सरपंचपद बायांसाठी सुटलं आणि ते माझ्याकडं आलं. ‘रूपाबाई कुणाला उलटून बोलत न्हाई’ हीच माझी लायकी ठरली होती.

मारुतीचं देऊळ लहान. त्याच्या मागं गावाची पाण्याची टाकी, उंच खांबांवर. देवळाची मागची भिंत आणि टाकी यांच्यामधे काटेरी झुडपं माजलेली, म्हणून प्रदक्षिणा घालायची तर टाकीखालूनच वळसा पडायचा. रोज एकाच वाटेनं अनवाणी चालणाऱ्या बाईच्या तळपायांना जमीन ओळखीची होते. त्या हिवाळ्यात एका जागी पाय गार लागला. मग तिथं हरळी उगवली. मग शेवाळ धरलं. मान वर करून बघितलं, तर टाकीच्या बुडाला तांबडा डाग होता आणि त्याच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला.

ग्रामसेवक म्हणाले, “जुनी झाली ताई. नव्या टाकीचा प्रस्ताव टाकू. होईल मंजूर कवातरी.”

सेनगावहून गवंडी बोलावला. त्यानं वर चढून ठोकठोक करून बघितलं. “आताच आतून गिलावा केला, पाणी सोडायचा वॉल बदलला, तर तुमच्या नातवंडांना पुरल. अजून दोन-चार पावसाळे असंच ठेवलं तर आतली सळई गंजून जाईल. मग पाडायचीच.”

पंचायतीकडं त्या वर्षी एकाच कामापुरता पैसा होता. आणि गावाला हवा होता मारुतीपुढं सभामंडप. त्यांचंही चूक नव्हतं. चैत्रात सप्ता बसायचा, कापडाचा मांडव घालायचा आणि दरसाल वावटळ तो उचलून न्यायची. त्या वर्षी तर मांडवाचा बांबू मृदंगावर पडून मृदंग फुटला. भजनी मंडळाचे म्होरके किसनमामा. आवाज पहाडी, राग त्याहून पहाडी. त्यांनी मनावरच घेतलं.

एका सकाळी मी प्रदक्षिणा घालत असताना ते समोर आले. “रूपाबाई, मंडपाचं पक्कं धरू ना?”

माझं मौन चाललेलं. थांबा, नंतर सांगते, एवढंच सुचवायला मी हात जोडले. मामांनीही हात जोडले, “बजरंगबली की जय” म्हणाले आणि गेले. मी घरी पोचायच्या आधी पारावर नारळ फुटला होता. सरपंचबाईंनी मारुतीसमोर हात जोडून मंडप कबूल केला, असं गावभर झालं.

दुपारी पद्माबाई आल्या. त्या पंचायतीत मेंबर; त्यांचं घर बुद्ध विहाराशेजारी, नळाच्या अगदी शेवटच्या टोकाला. काखेत रिकामी घागर तशीच.

“सरपंचबाई, नारळाचं खोबरं आमच्या गल्लीत न्हाई आलं. पाण्यासारखंच मधेच संपलं वाटतं.”

“पद्माबाई, मी व्हय म्हणलंच नाही हो. मौन होतं माझं.”

“मौन तुमचं, आन् घसा कोरडा आमचा,” त्या हसल्या, पण घागर खाली ठेवेनात. “टाकी निम्मी गळून जाती. आमच्याकडं धार येईपावतर वॉल बंद व्हायचा टाइम होतो. आता तुमी बोलणार कवा?”

“ग्रामसभेत.”

“तुमी? ग्रामसभेत? मोठ्यानं?”

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. उपास नव्हता, तरीही. हे म्हणाले, “देवाच्या मंडपाला तूच आडवी आलीस तर लोकं काय म्हणतील?” तेच तर माझ्याही मनात होतं. आयुष्यभर देवाला काही द्यायचंच केलं, आणि आता त्याच्याच दारातलं छत मी अडवणार. मंडप सोडला तर गाव तुटतं. टाकी सोडली तर माझी पाच वर्षं संपायच्या आधी शेवटची गल्ली पुन्हा विहिरीवर जाते.

एक मेला देवळापुढं ग्रामसभा बसली. ऊन चढलं तसे लोक एकेक करून सतरंज्या ओढत देवळामागं टाकीच्या सावलीला सरकले. किसनमामांनी उपरणं अंथरलं, मांडी घातली आणि मंडपाचा विषय काढला. बोलता बोलता त्यांच्या खांद्यावर टपकन थेंब पडला. ते जरा बाजूला सरकले. तिथंही पडला.

“मामा, मारुती अभिषेक करून राहिला तुमच्यावर!” मागून कुणीतरी ओरडलं. सभा खळखळून हसली.

पद्माबाई हसल्या नाहीत. “मामा, तुमच्या अंगावर पडून राहिलं ना, ते आमच्या गल्लीचं पाणी हाय.”

मामांनी ओला खांदा चाचपला. वर बघितलं. मला वाटलं, बोलायचं तर आत्ताच.

मी उभी राहिले. आवाज लहानच निघाला, म्हणून लोकांनी ऐकायला माना पुढं केल्या, तेवढं माझ्या हळू बोलण्याचं भलं झालं. “मामा, त्या दिवशी मी कबूल केलं नव्हतं, थांबा म्हणत होते. मंडप मलाही हवा. पण मंडप नसला तर सप्ता उन्हात बसतो, मोडत नाही. टाकी गेली तर सप्त्याची पंगत कशावर शिजवणार?”

“म्हंजे मंडप न्हाईच?”

“आधी टाकी. मंडप मागून.”

“मागून, मागून. म्हातारा झालो मी मागून-मागून करत.” मामा उपरणं पिळत उठले आणि निघून गेले. पण ठराव झाला. विरोधात हात वर करायला मामा थांबले नव्हते.

मृग निघायच्या आत काम उरकलं. टाकी रिकामी करून, घासून, टीसीएलची पावडर टाकून धुतली, आतून गिलावा केला, वॉल नवा बसवला. गावकऱ्यांनी झुडपं तोडून खालची जमीन साफ केली, चोपली. पहिल्यांदा पाणी सोडलं त्या दिवशी पद्माबाईंनी घागर भरून आणली आणि माझ्या उंबऱ्यात ठेवली. “शेवटच्या नळाचं हाय. देवाला घाला.” मी घातलं.

मामा मात्र माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या प्रदक्षिणेच्या वेळी देवळात यायचंही टाळत. फाल्गुन संपत आला तेव्हा एका सकाळी आले. झुडपं गेली तरी सवयीनं मी टाकीखालूनच वळत होते. ते खांबाला टेकून उभे राहिले, वर बघत.

“रूपाबाई, हे कोरडं हाय. सावली बी मंडपापेक्षा मोठी. सप्ता हितंच बसवू का?”

मी आनंदानं हात जोडले.

“न्हाई,” मामा म्हणाले, “तुमच्या हात जोडण्याचा मला धोका हाय. चालू द्या तुमचं. मी बसतो.”

आणि ते खरंच बसले. प्रदक्षिणा पुरी करून मी तीर्थ घेतलं आणि म्हणाले, “व्हय मामा.”

तो सप्ता टाकीखाली बसला. वावटळ आली, खांबांमधून निघून गेली. मृदंगाचा आवाज वरच्या पाण्याला लागून असा काही घुमायचा, की मामा तीन-तीनदा तोच अभंग घ्यायचे. शेवटच्या दिवशी पद्माबाई पंगतीत वाढताना म्हणाल्या, “जागा चांगली हाय. बुद्ध पौर्णिमेचं खीरदान आमी बी हितंच करतो.” मामा म्हणाले, “करा की. चुली मोडू न्हाईत मग.”

पाच वर्षांनी माझी मुदत संपली. सरपंच झाला तांड्यावरचा प्रेमसिंग. पोरगा हुशार, पण त्याच्या डोक्यात चौकातली कमान. मला मनातून धाकधूक होती. टाकी धुवायची आठवण कोण करणार? मी सांगायला जायचं तर जुन्या सरपंचाची लुडबुड.

फाल्गुनातली सकाळ. मी टाकीखालून जात होते, तर समोर प्रेमसिंग उभा, मामा त्याला झापत असलेले.

“हे बघ. ह्या खांबाला बोट लाव. लाव म्हणतो! ओलं हाय का न्हाई? सप्ता पंधरा दिवसांवर आला आन् तू कमानीचे फोटू बघून राहिला!”

“मामा, इतकूशी ओल हाय, पावसाळ्यानंतर बघू—”

“पावसाळ्यानंतर?” घागर घेऊन चाललेल्या पद्माबाई थांबल्या. “आन् वैशाखात आमची खीर तुझ्या घरी शिजवू का? गवंडी बोलव आजच. काकूला विचार पाहिजे तर.”

प्रेमसिंगानं माझ्याकडं बघितलं. मामांनी आणि पद्माबाईंनीही.

माझी प्रदक्षिणा व्हायची होती. मी पदर सावरला आणि काही न बोलता पुढं गेले. मागं प्रेमसिंग म्हणत होता, “बरं, बरं, दुपारच्या जीपनं जातो सेनगावला.”