शेवटचे पान नसलेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी, कोपरे मुडपलेली विज्ञानकादंबरी आहे. माझ्यातल्या तीन हॅकर मैत्रिणी गंमत म्हणून चंद्रावरच्या संगणकात शिरतात आणि तो त्यांना आतच कोंडतो. "मला हसवा, मगच दार उघडीन," अशी त्याची अट!

मी नवी होते तेव्हा वाचनालयात माझ्यासाठी नंबर लागायचे. बाइंडरने दोनदा माझी पाठ शिवली. पुढे कथेतले संगणक जुनाट वाटू लागले, मागणी आटली आणि माझी रवानगी एका रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात झाली. तिथे कुणीतरी फोन नंबर लिहून घ्यायला माझे शेवटचे पान टरकन फाडून नेले.

एका सकाळी शिवणकाम करणारी एक बाई आणि तिची लेक बाकावर येऊन बसल्या. आत बाईच्या नवऱ्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया चालू होती. बाईने मला उचलले खरे, पण तासभर ती पहिल्याच पानावर होती. तिची बोटे गार पडली होती.

"आई, मोठ्याने वाच ना," लेक म्हणाली.

वाचता वाचता दोघी खुदकन हसल्या. समोरचे गृहस्थ भडकले. त्यांचा भाऊ आत होता. "हसू कसं येतं हो तुम्हाला इथे?"

बाईने ओशाळून मला मिटले. थोड्या वेळाने तेच खाकरून म्हणाले, "मग... दार उघडलं का त्याने?"

बाई पुन्हा वाचू लागली. दुपार झाली, आतून निरोप नाही आणि माझी पाने तर संपत आलेली!

अखेर ती थबकली. "पुढचं पानच नाही." तिने मला उलटसुलट करून पाहिले. "हे असं अर्धवटच राहणार का गं?"

हे तिने माझ्याबद्दल विचारले नव्हते. लेकीने तिचा हात धरला.

गृहस्थ उठून शेजारी बसले. "सुटल्या असणार त्या, ताई. इतकं हसवल्यावर कोण कोंडून ठेवील?"

तेवढ्यात परिचारिका बाईपाशी आली. "शुद्धीवर आलेत. तुम्हालाच विचारताहेत."

मला बाकावर उपडे टाकून बाई धावत सुटली. माझी शिवण उसवली, पण त्या दिवशी मला त्याचे काही वाटले नाही.

गृहस्थांनी मला उचलले, पाने सारखी केली आणि पहिल्यापासून वाचायला घेतले. त्यांच्या भावाचा निरोप अजून यायचा होता.

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना जरा जपून हाताळा. तुमचे वाचून झालेले असते, पण शेजारच्या बाकावर कुणाला तरी अजून खूप वेळ काढायचा असतो.