तिनाचा टिळा, आठाच्या माथी

मित्रांनो, मी एक जुनी नंबरप्लेट आहे. स्कूटरची कहाणी तुम्ही ऐकली असेल, मोटारीची तर नक्कीच. नंबरप्लेटला कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर पोलीस विचारतात, आणि ते काही ख्यालीखुशाली विचारायला येत नाहीत.

माझा जन्म तमिळ मुलखातला, जॉर्ज टाउनमधल्या एका बोळातला. एकाने पत्रा कापला, पांढरा रंग दिला, आणि शेजारच्या पेंटरने काळे आकडे काढले. शेवटचा आठ काढताना त्याने श्वास रोखून धरला होता. असा भरदार आठ आमच्या तांबरममध्ये दुसऱ्या कुठल्या गाडीवर नाही. हे मी गर्वाने नव्हे, सिग्नलला उभं राहून केलेल्या निरीक्षणाने सांगते. (माझी एक जुळी बहीण स्कूटरच्या पुढे होती. ती एका बसला टेकली आणि कायमची वाकली. तिचा विषय घरात काढत नाहीत.)

आमची स्कूटर करड्या रंगाची, आणि ती शर्मिष्ठाबाईंची. यजमान माधवराव संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. बदली होऊन नगरहून इकडे आले आणि इथलेच झाले. शर्मिष्ठाबाई बेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकल्या. तेव्हा माधवराव गच्चीतून म्हणाले होते, "पडलीस तर हाक मार." त्या पडल्या, पण हाक मारली नाही. तेव्हापासून भाजी, बँक, देऊळ, मैत्रिणी, सगळं आमच्यावर. पुढे माधवरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनाही मागे बसावं लागलं. ते बसले, आणि तोंड दुसरीकडे करून बसले.

दरवर्षी खंडेनवमीला बाई स्कूटर धूत, झेंडूची माळ घालत आणि मला हळदकुंकू लावत. कोपऱ्यात एक बोट हळदीचं, त्याला खेटून एक कुंकवाचं. वर्षातून एकदा कपाळ भरलं की बरं वाटतं हो! खालच्या मजल्यावरचे व्यासराजमामा तंजावरकडचे मराठी. शेकडो वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तिकडे गेले आणि मराठी सोबत घेऊन गेले. ती त्यांनी लोणच्यासारखी मुरवून ठेवली. ते आपल्या गाडीला केळीची रोपं बांधत आणि ओल्या गंधाचा मोठा टिळा लावून त्यावर कुंकू ठेवत.

"कां बाई, हें कसलं चिमूटभर?" ते माझ्याकडे बघून म्हणत. "गाडीस शोभा कशी येईल?"

"मामा, गाडी आहे, नवरीमुलगी नाही," शर्मिष्ठाबाई म्हणत. हा वाद दरवर्षी होई आणि दरवर्षी पायसमच्या, म्हणजे मामांकडच्या खिरीच्या, वाटीवर मिटे.

अशी पंधरा वर्षं गेली. माझा रंग तडकला, स्क्रू गंजले. आता नोंदणी नव्याने करायची वेळ आली. आरटीओच्या खिडकीतून उत्तर आलं की तुमच्या गाडीवर चलान आहे, आधी ते मिटवा.

चलान? बाई तर लाल दिव्याला हिरवा झाल्यावरही दोन क्षण थांबणाऱ्या. मागचे हॉर्न वाजवून बेजार होतात.

माधवरावांनी भिंग घेऊन संगणकावर माझा नंबर टाकला. एक ओळ उघडली. गुम्मिडिपूंडीच्या पलीकडचं एक खेडं. दिवस विजयादशमीचा. एका गाडीवर तिघे, हेल्मेट नाही, इशारा करूनही न थांबणे. आणि शेवटी एक शब्द: न्यायालयात.

"म्हणजे घरबसल्या भरता येणार नाही," माधवराव म्हणाले. "कोर्टात जावं लागेल. पोलिसांना बघून पळालीस, असं लिहिलंय."

"मी? गुम्मिडिपूंडीला? मला तिकडचा रस्तासुद्धा माहीत नाही."

"मला माहीत आहे गं. पण कोर्टाला काय माहीत?" मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "जाऊ दे ना आता. भंगारात देऊन टाकू. ऑटो आहेत की."

शर्मिष्ठाबाई स्वयंपाकघरात वळल्या. कढईवर झाकण मात्र जरा जोरात पडलं. मित्रांनो, ऑटो असतात हे खरं. पण ऑटो बोलवावा लागतो, त्याच्याशी घासाघीस करावी लागते, आणि कुठे चाललीस ते घरात सांगावं लागतं. पंधरा वर्षांपूर्वी पडूनही हाक न मारणारी बाई पुन्हा हाका मारत बसणार होती.

दुसऱ्या दिवशी व्यासराजमामांनी त्या ठाण्यात फोन लावला. खूप वेळ तमिळमध्ये "सरि, सरि", म्हणजे बरं, बरं, झालं. "गाडी दाखवा म्हणत्यात," ते म्हणाले. "तेवढी दूर ही गाडी चालणार कां, बाई?"

"वाटेतच बसेल."

"सरि. तर मग नंबर तरी घेऊन जाऊं."

आणि असं झालं, मित्रांनो, की पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला गाडीवरून उतरवलं. स्क्रू निघेनात, तेव्हा खोबरेल तेल सोडलं. मग जुन्या साडीत गुंडाळून मला कापडी पिशवीत घातलं. सोबतीला इडलीचा डबा होता. आम्ही दोन लोकल बदलून गुम्मिडिपूंडीला पोचलो आणि तिथून बसने त्या खेड्यात. सगळा प्रवास मी चटणीच्या वासात केला.

ठाण्यात हेड कॉन्स्टेबल विजयलक्ष्मी बसल्या होत्या. त्यांनी मला पिशवीतून निघताना पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"गाडी सोडून पळालेले आरोपी पाहिले," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "गाडी घरी ठेवून नंबर एकटाच हजर झालेला पहिल्यांदा बघतेय."

त्यांनी संगणकावर चलानाचा फोटो काढला. दुरून, पाठमोरी घेतलेली करडी स्कूटर. अगदी आमच्यासारखी. दोन्ही बाजूंना केळीची रोपं, मागे बसलेल्या बाईचा पदर उडालेला. आणि खाली माझा नंबर. शेवटी आठ! मी पिशवीवर पडल्या पडल्या गार पडले.

विजयलक्ष्मींनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या कोपऱ्यात गेल्या खंडेनवमीचं कुंकू अजून लालसर होतं. पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"यावर पण कुंकू, त्यावर पण कुंकू," त्या म्हणाल्या. "अम्मा, आता काय सांगता?"

बघा, वर्षभर जपलेलं सौभाग्य ऐन वेळी साक्षीदार होऊन उलटलं.  शर्मिष्ठाबाई खुर्चीतून उठल्या, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या, आणि म्हणाल्या,

"हा आमच्या हातचा टिळा नाही."

"म्हणजे?"

"आम्ही हळद आणि कुंकू शेजारी शेजारी लावतो. हे बघा, इथे, कोपऱ्यात. फोटोत गंध आहे, आणि गंधावर कुंकू. तेही आकड्यावर! आमच्याकडे कोणी असं लावत नाही."

"अम्ही लावतों की," व्यासराजमामा अभिमानाने म्हणाले. मग विजयलक्ष्मींच्या भुवया वर गेलेल्या पाहून घाईघाईने, "पण माझी गाडी निळी हाय, मॅडम! निळी!"

विजयलक्ष्मी हसल्या. ठाण्याच्या जीपलाही दरवर्षी गंध त्याच लावत, असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला. गंधाचे दोन टिळे होते, एकाखाली एक, बरोबर शेवटच्या आकड्याच्या डाव्या बाजूला. कुंकू ओघळून काळपट झालेलं. त्यांनी पडद्यावर बोटाने ते दोन टिळे झाकले. उरला तीन. तिनाची दोन्ही उघडी तोंडं टिळ्यांनी बुजवली, की माझ्यासारखा आठ तयार.

शेवटी तीन टाकून शोधलं, तर त्याच खेड्यातली करडी स्कूटर निघाली. मालक वेंकट, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. फोन गेला आणि अर्ध्या तासात तो आलाही, घामाघूम, हेल्मेट काखेत.

"मॅडम, नल्ल नेरम संपत आलं होतं," तो म्हणाला. म्हणजे शुभ वेळ. विजयादशमीला मुलांना पहिलं अक्षर गिरवायला बसवतात ना, मित्रांनो, त्याची. "मुलीला शाळेत बसवायचं होतं. थांबलो असतो तर वेळ टळली असती."

शर्मिष्ठाबाईंनी पुन्हा फोटो पाहिला. नवरा-बायकोच्या मध्ये एक पाटी दिसत होती, आणि पाटी धरलेली चार बोटं.

"डोक्याला काही नाही, आणि पोरगी मध्ये दाबलेली," विजयलक्ष्मी कडाडल्या. "अक्षर शिकायला डोकं लागतं की नाही रे?"

"लागतं, मॅडम."

"कोर्टात ये. तिथे सांग."

शर्मिष्ठाबाई निघताना त्याच्याजवळ थांबल्या. मोडक्या तमिळमध्ये विचारलं, "कुठलं अक्षर गिरवलं?"

"अ," तो म्हणाला, आणि इतक्या बोलाचालीनंतरही त्याचा चेहरा उजळला.

"छान. आता तिला आकडे शिकव. आणि प्लेट पूस."

काही आठवड्यांनी चलानातून माझा नंबर निघाला आणि नोंदणी पुढे वाढली. माधवराव स्वतः मागे बसून आरटीओला गेले. या वेळी तोंड समोर होतं. परतताना शर्मिष्ठाबाईंनी गॅरेजपाशी गाडी थांबवली. माझ्या आठाचा रंग तडकला आहे, कोणाला वाटलं तर तो तीनही वाटेल, असं त्यांचं मत पडलं. नवी, लखलखीत प्लेट बसली. स्क्रू या वेळी सहज निघाले, कारण तेल आधीच घातलेलं होतं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. ज्या गाडीसाठी चटणीच्या वासात सत्तर किलोमीटर गेले, ती आता दुसऱ्याच कपाळाने मिरवते. पण बाई ती रोज सकाळी काढतात आणि कुठे चालले ते कोणाला सांगत नाहीत. मी गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीमागे, भिंतीला टेकून असते.

तेव्हा मित्रांनो, पूजा जरूर करा, पण आकडे मोकळे ठेवा. तुमच्या हौसेचा टिळा कुठल्या अनोळखी माणसाच्या कपाळी जाऊन बसेल, सांगता येत नाही. आणि कोणाच्या नावावर काही लागलेलं दिसलं, तर हात झटकण्याआधी फोटो जरा मोठा करून बघा.

या खंडेनवमीला शर्मिष्ठाबाईंनी नवी प्लेट ओल्या फडक्याने पुसली, कोरडी केली आणि तिला बोटही लावलं नाही. मग करंडा घेऊन त्या गॅलरीत आल्या. खाली वाकल्या, आणि हळदीचं बोट, कुंकवाचं बोट थेट माझ्या आठावर उठवलं.

"घे," त्या म्हणाल्या. "तुला आता कोण वाचतंय!"

खालून व्यासराजमामांचा आवाज आला, "बाई, गंध पाठवूं कां?"

"पाठवा," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "जागा आहे."